हवेला नाव नसतं

"ताई, जरा डावीकडं घ्या. उजवीकडच्या लाकडाला वाळवी लागलीय," खाली शिडी धरून उभे असलेले यशवंत भिकाजी म्हणाले.

हेमांगी गावंडेने खोकं डावीकडे सरकवलं आणि स्क्रू आवळला. साबणाच्या वडीएवढं पांढरं खोकं. त्याच्या बरोबर खाली, शाळेच्या वर्गात, पुठ्ठ्याच्या तीन भिंतींचा आडोसा केलेला होता. उद्या सकाळी सातपासून बेल-रिव्ह गावचे मतदार एकेक करून त्या आडोशात शिरणार होते, मतपत्रिकेवर शिक्का मारणार होते, आणि वरचं खोकं त्यांचा श्वास हुंगणार होतं.

सेरांबे हा हिंदी महासागरातला बेटांचा चिमुकला देश. उसाच्या मळ्यांवर राबायला दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी रत्नागिरीकडून जी माणसं जहाजात भरून आणली, त्यांचे वंशज अजून तिथे आहेत. यशवंत त्यांपैकी एक. 'भिकाजी' हे त्या पहिल्या पूर्वजाचं नाव, तेच पुढे आडनाव झालं. याच शाळेत एकतीस वर्षं शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता निरीक्षक मंडळासाठी दुभाषाचं काम करत होते. त्यांचं मराठी जुन्या काळात थांबलेलं होतं. ते विमानतळाला 'विमानाचा धक्का' म्हणत. हेमांगी त्यांना पहिल्या दिवसापासून गुरुजी म्हणू लागली होती.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक न्याय्य होते की नाही हे पाहायला एकोणीस देशांमधून चौसष्ट निरीक्षक आले होते. बाकीच्यांच्या हातात वह्या आणि तक्ते होते. अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी हेमांगी दोनशे बारा खोकी घेऊन आली होती.

खोकं तिच्या नवऱ्याने, परागने बनवलं होतं. त्यामागचं विज्ञान साधं आहे. आपल्या श्वासातून शेकडो वायू अत्यल्प प्रमाणात बाहेर पडत असतात. त्यातला एक आयसोप्रीन. तो स्नायूंमध्ये साठतो. माणूस घाबरला की नकळत अंग आखडतं, नाडी वाढते, साठलेला आयसोप्रीन रक्तात उतरतो आणि काही सेकंदांत फुफ्फुसांमधून बाहेर पडतो. चित्रपटगृहांमधली हवा तपासणाऱ्यांना हे फार पूर्वी आढळलं होतं. पडद्यावर थरारक प्रसंग आला की प्रेक्षागृहाच्या हवेत हा वायू वाढतो. चेहरा सावरता येतो, जिभेला आवर घालता येतो, पण फुफ्फुसाला सोंग जमत नाही.

अडचण झाडांची होती. झाडंही आयसोप्रीन सोडतात, आणि उन्हात तर भरपूर. पण झाडाच्या वायूबरोबर त्याची इतर भावंडंही हवेत येतात. ती भावंडं ओळखून झाडाचा वाटा वजा करणारी गाळणी बनवायला परागला चार वर्षं लागली. संपूर्ण यंत्राला बारा. त्या बारा वर्षांत त्याने बढती नाकारली आणि घराचं हप्त्याहप्त्याने चाललेलं बांधकाम अर्धवट सोडलं. मूल होऊ द्यायचा विषय पुढे ढकलता ढकलता संपून गेला. माहितीपत्रकातलं शेवटचं वाक्य त्याने स्वतः लिहिलं होतं : 'हे यंत्र माणूस ओळखत नाही, खोलीतली भीती मोजतं. हवेला नाव नसतं.'

सेरांब्यात भीतीच मोजायची होती. इथे मतपेट्या पळवल्या जात नसत, मोजणीही चोख होई. इथे एक अफवा पसरलेली होती : कोणी कुणाला मत दिलं ते सरकारला कळतं. मागच्या खेपेला ला-पायोत नावाच्या वस्तीने राष्ट्राध्यक्ष दुवाल यांच्या विरोधात भरभरून मतं टाकली. महिन्याभरात वस्तीचं पाणी तोडलं गेलं. चाळीस पुरुष चौकशीला नेले, एकोणतीस परत आले. न आलेल्या अकरांमध्ये यशवंतांचा धाकटा भाऊ गणपत होता.

"तेव्हा त्यांना आख्ख्या वस्तीचा आकडा कळला, ताई. एकेकट्याचं मत कळणं शक्य नाही, हे मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवत आलो. पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार?"

समजावलं त्या दोघांनीच. मतदानाच्या आधी तीन दिवस हेमांगी गावात घरोघर फिरली होती. ती इंग्रजीत बोले, यशवंत बेटावरच्या बोलीत सांगत, कुठे मराठी घर लागलं तर सरळ मराठीत : मत गुप्त आहे. अगदी गुप्त. मासळी सुकवणारी तेरेझ नावाची म्हातारी काही केल्या ऐकेना. तिने हेमांगीचा हात धरला आणि विचारलं, "शपथ घेशील? तुझ्या पोरांची?"

"मला मूल नाही," हेमांगी म्हणाली. "माझ्या डोळ्यांची शपथ घेते."

म्हातारीने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली.

मतदान शांततेत झालं. लोक इस्त्रीचे कपडे घालून आले, मुकाट रांगेत उभे राहिले, मुकाट परत गेले. शेजारच्या केंद्रावरचा निरीक्षक म्हणाला की इतकं शिस्तीचं मतदान त्याने स्वतःच्या देशातही पाहिलेलं नाही. खोक्याच्या पडद्यावर मात्र काटा सकाळपासून, जेवणाची सुट्टी सोडली तर, लाल पट्ट्यात अडकून पडला होता. संध्याकाळी हेमांगीने सगळ्या केंद्रांची नोंद नेहमीप्रमाणे परागकडे तपासायला पाठवली. दोनशे बारापैकी एकशे नव्वद केंद्रांवर भीती नेहमीच्या पातळीच्या तिपटीहून जास्त होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागले. दुवाल चौऱ्याहत्तर टक्क्यांनी विजयी. त्यांच्या विरोधात उभी राहिलेली सोलांज मारी ही परिचारिका हरली. पण बेल-रिव्हच्या शाळेच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यापुढे यशवंत थबकले. दुवाल ४०१, सोलांज १२१.

"मागल्या वेळी इथं सोलांजच्या पक्षाला चौदा होती," ते हळूच म्हणाले. "एकशे एकवीस माणसांनी आपलं ऐकलं, ताई."

मागच्या वर्गात लाकडी बाकावर लॅपटॉप उघडून हेमांगी अहवालासाठी आलेख काढायला बसली. अहवालात दर दहा मिनिटांची सरासरी द्यायची असे. मूळ नोंद मात्र सेकंदासेकंदाची होती, कधी वाद झालाच तर असावी म्हणून. ती मूळ नोंद तिने पडद्यावर ताणून मोठी केली आणि तिला करवतीच्या दात्यांसारखी एक लांबच लांब रांग दिसली. आडोसा अरुंद होता, माणूस एका वेळी एकच. प्रत्येक दाता म्हणजे एक माणूस.

दाते दोन तऱ्हांचे होते. काहींमध्ये आत शिरताना भीती जास्त होती आणि शिक्का मारल्यावर झपाट्याने उतरत होती. काहींमध्ये उलट. शिक्का मारल्यावर ती वाढत जात होती, पत्रिका पेटीत पडेपर्यंत वाढतच होती.

संख्याशास्त्राच्या माणसाला मोजल्याशिवाय राहवत नाही. तिने मोजले. उतरणारे तीनशे नव्याण्णव. चढणारे एकशे तेवीस.

ती उठून दारापर्यंत गेली, तक्त्यावरचे आकडे पुन्हा वाचले आणि परत येऊन बसली. मग आणखी चार गावांची नोंद उघडली. दोनाचा फरक. एकाचा. तिनाचा. एका गावात फरकच नव्हता.

"गुरुजी," तिने हाक मारली. "काल मत दिल्यावर तुम्हाला काही चिठ्ठी मिळाली होती?"

"मिळाली की. यंदा नवी टूम. यंत्रावर अंगठा लावला की यादीत नावापुढं वेळ पडते, आणि आपल्याला चिठ्ठी." त्यांनी पाकिटातून घडी काढून दिली.

यशवंत भिकाजी. दहा वाजून बेचाळीस मिनिटं सोळा सेकंद.

तिने त्या वेळेपाशी नोंद नेली. चाळीस सेकंदांनंतर दाता सुरू होत होता. तो चढत गेला होता. त्या तासातल्या सगळ्या दात्यांमध्ये उंच होता.

"गुरुजी, तुम्ही सोलांजला मत दिलंत."

यशवंतांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. मग सावकाश बाकावर बसले.

"मी कुणाला सांगितलं नाही," ते म्हणाले. "लेकीलाही नाही."

"तुम्ही नाही सांगितलंत. खोक्याने सांगितलं. हवेला नाव नसतं, पण हवेला वेळ असते. आणि वेळेपुढे नाव तुमच्या आयोगाच्या यादीत आहे. दोन्ही शेजारी ठेवली की झालं." तिला बोलताना धाप लागत होती. "त्यांची अफवा खोटी होती हो. आपण ती खरी केली."

आणि मग तिला दारिल आठवला. सगळे त्याला 'मोस्ये', म्हणजे साहेब, म्हणत. निवडणूक आयोगाचा तांत्रिक अधिकारी, हसतमुख, कॉफी स्वतः ओतून देणारा. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, "मादाम, तुमच्या खोक्यांचं घड्याळ आणि आमच्या यादीचं घड्याळ जुळवून घेऊ या. काम नेटकं होईल." तिला त्याचा नेटकेपणा आवडला होता. तिने स्वतः बसून दोनशे बारा घड्याळं सेकंदावर जुळवून दिली होती.

यशवंतांनी पडद्यावरच्या त्या उंच दात्यावर बोट ठेवलं. "हा मी?"

"हो."

"आणि पुढं-मागं हे असे चढलेले... ही सगळी आमची माणसं."

"एकट्या या गावातली शंभरावर. देशभरात किती हजार असतील, मोजवत नाही."

"तेरेझही असेल त्यात."

हेमांगीने लॅपटॉप मिटला.

मंडळाच्या प्रमुख ऑर्ला केनी पूर्वी आयर्लंडमध्ये न्यायाधीश होत्या. वय सहासष्ट, बोलणं कमी. राजधानीतल्या हॉटेलात हेमांगीने त्यांना काही सांगायला तोंड उघडताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि तिला बाहेर समुद्रकिनाऱ्यावर नेलं. लाटांच्या आवाजात त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"करार मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "भीतीचा पुरावा म्हणून आपण ती नोंद वापरली तर मूळ नोंद आयोगाला द्यावी लागेल. नाही वापरली तरी नव्वद दिवसांत ते मागू शकतात. दारिलने आज सकाळीच मागितली. तुमच्या माहितीपत्रकातलं वाक्य पत्रात उतरवून विचारलंय, हवेला नाव नसतं तर द्यायला हरकत काय?"

"नाही दिली तर?"

"खोकी त्यांच्याच इमारतीत आहेत. त्यांचं एक सील, आपलं एक. आपण विमानात बसलो की ते दोन्ही तोडतील. आणि आपली दीडशे स्थानिक माणसं इथेच राहणार आहेत. तुझे गुरुजीसुद्धा."

दोघी वाळूच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग हेमांगी म्हणाली, "कलम सतरा. सदोष यंत्राची नोंद ग्राह्य धरू नये, दोन्ही पक्षांसमक्ष तत्काळ नष्ट करावी."

केनीबाई थांबल्या. "यंत्र सदोष आहे?"

"जगात याहून निर्दोष यंत्र नसेल. पण मी सदोष म्हटलं तर माझ्यावर विश्वास ठेवतील. मी ते बनवणाऱ्याची बायको आहे."

"हेमांगी, यंत्र गेलं की माझ्या हातात भीतीचा एकही पुरावा उरत नाही. बाकी त्रेसष्ट जणांच्या वह्यांमध्ये 'शांततापूर्ण' असंच लिहिलंय. मला सही करून सांगावं लागेल की ही निवडणूक मुक्त आणि न्याय्य झाली. दुवाल तो कागद पाच वर्षं मिरवतील."

"माहीत आहे."

"आणि तुझा नवरा?"

संध्याकाळी परागचा फोन आला. तो आनंदाने अक्षरशः ओरडत होता. "हेमा, आकडे पाहिले मी! एकशे नव्वद केंद्रं! गाळणी इतकी सुंदर चाललीय, बाहेर निलगिरीचं बन असलेल्या शाळेतसुद्धा दुपारच्या सुट्टीत, भर उन्हात, काटा शून्यावर आहे. आता कोण नाही म्हणतंय बघू. हेमा? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"बरी आहेस ना तू?"

फोन ऐकला जात होता, हे तिला केनीबाईंनी बजावलं होतं. आपल्या माणसाला सावध करता येईल असा एकही शब्द तिला सापडेना. "पराग," ती म्हणाली, "मी काहीही बोलले तरी मी येईपर्यंत थांब."

"म्हणजे?"

तिने फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी हॉटेलच्या सभागृहात पत्रकार, मंत्रालयाची माणसं, दूतावासांचे अधिकारी जमले. हेमांगीने टेबलावर स्वतःजवळचं नमुन्याचं एक खोकं ठेवलं. त्यातली गाळणी तिने तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने, परागच्याच बारीक चिमट्याने काढून टाकली होती. तिने निलगिरीची एक फांदी उचलली, तिच्यावर दिव्याचा प्रखर झोत सोडला आणि ती खोक्याखाली धरली. मिनिटाभरात काटा लाल पट्ट्यात गेला.

"हे यंत्र झाडाला घाबरलेला माणूस समजतं," ती म्हणाली. सभागृहात हशा पिकला. "सेरांब्यातल्या बहुतेक शाळांभोवती झाडी आहे. आमची गाळणी कुचकामी आहे. सगळी नोंद चुकीची आहे. ही चूक आमची, म्हणजे माझी आणि माझ्या पतीची. नोंद कलम सतराप्रमाणे नष्ट करावी अशी मी लेखी शिफारस करते."

मोस्ये दारिलने हात वर केला. "मादाम, झाडं तर सकाळी सहालाही तिथेच होती. मग मतदान सुरू होण्यापूर्वी यंत्र शून्य का दाखवत होतं?"

"सहाला ऊन नव्हतं. झाडं हा वायू उन्हात सोडतात."

"आणि दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत? तेव्हा ऊन भरपूर असतं. तरी काटा खाली आलेला आहे, मी पडद्यावर स्वतः पाहिलंय."

हेमांगीने फांदी टेबलावर ठेवली. तेवढ्यात केनीबाईंनी माइक ओढून घेतला.

"मोस्ये दारिल, यंत्र अचूक आहे असं आयोगाचं म्हणणं आहे का? तसं असेल तर मी आत्ता इथेच जाहीर करते की एकशे नव्वद केंद्रांवर मतदार भीतीच्या सावटाखाली होते. सदोष असेल तर माझं निवेदन वेगळं आहे. दोन्ही टाइप करून आणलीत. कोणतं वाचू?"

पुढच्या रांगेतला मंत्री वळला आणि त्याने दारिलकडे नुसतं पाहिलं. दारिल हसला, खाली बसला.

दुपारी आयोगाच्या अंगणात दोनशे बारा खोक्यांची सीलं दोन्ही बाजूंनी तोडली गेली. नोंद साठवलेल्या स्मृतिपट्ट्या एकेक करून दळणयंत्रात पडल्या. हेमांगीने प्रत्येक पट्टी मोजली आणि आपल्या लॅपटॉपमधली प्रतही सर्वांसमक्ष पुसली. मग आत जाऊन केनीबाईंनी कॅमेऱ्यांपुढे वाचलं : 'जनतेच्या इच्छेचं मुक्त, न्याय्य आणि शांततापूर्ण प्रकटीकरण.' शब्द वाचताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही.

विमानतळावर सोडायला यशवंत आले. सामान उतरवून झाल्यावर ते म्हणाले, "जीव वाचवलात, ताई. उपकार मानायला हवेत, मानतोही. पण गणपतचं आता काय? कालपर्यंत मला वाटायचं, कधीतरी बाहेरचं कुणी येईल आणि इथं काय चाललंय ते लिहून ठेवील. तुम्ही आलात, आणि सगळं ठीक आहे म्हणून लिहून चाललात."

हेमांगीने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते मागे सरकले नाहीत, पण तोंडभरून आशीर्वादही दिला नाही.

मुंबईच्या विमानतळावर उतरून फोन सुरू केला तेव्हा बातम्यांचा ढीग होता. 'झाडाला घाबरणारं यंत्र' जगभर फिरत होतं. आणि त्याखाली अमरावतीची एक बातमी : गाळणी निर्दोष असल्याचे पुरावे प्रा. पराग गावंडे शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पत्रकारांना देणार. सेरांब्यातील संपूर्ण मूळ नोंद त्यांच्याकडे सुरक्षित.

मतदानाच्या संध्याकाळी हेमांगीनेच तर ती पाठवली होती. मध्यरात्र उलटून शुक्रवार लागला होता. पहाटेचं पहिलं नागपूरचं विमान, तिथून टॅक्सी. वाटेत तिने एकदाही फोन लावला नाही. फोनवर सांगता येण्यासारखं ते नव्हतंच, आणि आपला आवाज ऐकून तो आणखी बिथरेल याचीही तिला भीती होती.

साडेनऊला ती घरात शिरली. पराग शर्टाला इस्त्री करत होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाहीवरून इस्त्री फिरवली.

"फांदी," तो म्हणाला. "तू फांदी धरलीस, हेमा. गाळणी काढून. दुसरं कुणी फसेल, मी नाही. पडद्याचा कोपरा हिरवा नव्हता, म्हणजे गाळणी आत नव्हतीच. का? किती दिले त्यांनी? की धमकी दिली?"

"आधी ऐक."

"चार वर्षं मी निलगिरीची पानं हुंगत बसलो होतो, तू पाहिलंयस."

"पराग, तुझं यंत्र मत ओळखतं."

इस्त्री थांबली. तिने सगळं सांगितलं. दाते, त्यांच्या दोन तऱ्हा, यादीतली वेळ, तेरेझ, घेतलेली शपथ. एकशे एकवीस माणसं.

पराग ऐकत होता, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचा राग ओसरून तिथे दुसरंच काहीतरी आलं. "दोनच्या फरकाने?" त्याने विचारलं. "पाचशे बावीसमध्ये फक्त दोन?"

"हो."

"बाकीच्या गावांतही?"

"एका गावात फरकच नव्हता."

"बापरे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकले. लहान मुलाच्या डोळ्यांत यावी तसली ती चमक होती. वीस वर्षांपूर्वी हेमांगी याच चमकेवर भाळली होती. आज तिच्या अंगावर काटा आला. शर्ट जळाल्याचा वास आला तेव्हा दोघंही भानावर आली.

त्याने इस्त्री उचलली. बाहीवर तपकिरी त्रिकोण उमटला होता. त्याने त्यावरून अंगठा फिरवला.

"अकरा माणसं परत आली नाहीत म्हणालीस."

"मागच्या खेपेला. तेव्हा त्यांच्याकडे यादी नव्हती."

तो आतल्या खोलीत गेला. हेमांगी त्याच्यामागे गेली. मूळ नोंद दोन ठिकाणी ठेवलेली होती. दोन्ही त्याने तिच्यादेखत पुसल्या, मग पट्ट्या काढून हातोडीने फोडल्या. काम संपल्यावर तो जमिनीवरच बसला.

"आणि पद्धत?" हेमांगीने विचारलं. "दाते ओळखायची?"

"ती आता तूच सांगितलीस मला," तो म्हणाला. "डोक्यातून कशी पुसू?"

अकरा वाजता तो कॉलेजच्या सभागृहात गेला. जळक्या बाहीचाच शर्ट घालून, बाही दुमडून. पत्रकारांना त्याने चार वाक्यांत सांगितलं की फेरतपासणीत गाळणीत मूलभूत चूक सापडली, पत्नीचं म्हणणं बरोबर आहे, त्याच्याकडची नोंद निरुपयोगी ठरल्याने नष्ट केली आहे. कुणीतरी विचारलं, बारा वर्षं सरकारचं अनुदान खाल्लंत त्याचं काय? तो म्हणाला, "माझं चुकलं."

पुढे त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत. एका छताखाली राहिली, एकमेकांना औषधाच्या वेळा सांगत राहिली. कधीतरी जेवताना ती मान वर करी आणि तो भिंतीकडे पाहत बोटाने ताटावर दाते काढत असलेला दिसे. तिची नजर गेली की तो बोट थांबवी.

आठ महिन्यांनी यशवंतांचा फोन आला. बेल-रिव्हमध्ये नगरमंडळाची पोटनिवडणूक झाली होती.

"कशी झाली, गुरुजी?"

"शांततेत," ते म्हणाले. "सोलांजच्या पक्षाला नऊ मतं."

"नऊ? पण या वेळी तर खोकं नव्हतं."

"नव्हतंच. मी घरोघर सांगत फिरलो. लोक म्हणाले, गेल्या वेळी छताला काहीतरी होतं, ते सरकारनं दळून टाकलं, म्हणजे त्यात काहीतरी असणारच. आता काय काय कुठं लपवलं असेल, कुणास ठाऊक. तेरेझनं दारच उघडलं नाही."

हेमांगीने डोळे मिटून घेतले.

"त्या नवांमधलं एक माझं, ताई."

"गुरुजी! फोनवर नको. कुणीतरी ऐकत असेल."

"ऐकू दे की. म्हणून तर फोनवर सांगतोय," यशवंत म्हणाले. "आजवर मी पोरांना शिकवलं, मत गुप्त ठेवा. गुप्त ठेवलं म्हणजे न घाबरता देता येतं. पण आता गुप्ततेचीच भीती बसलीय सगळ्यांना. मग एकानं तरी मोठ्यानं सांगायला हवं. माझं वय झालंय, लेकीला काल आगबोटीनं पलीकडच्या मुलखात धाडलीय."

"गुरुजी, मी पाया पडते, नका."

पण ते तिच्याशी बोलत नव्हते. त्यांनी घसा साफ केला आणि बेटावरच्या बोलीत, मग फ्रेंचमध्ये, मग मराठीत आपलं नाव, घर क्रमांक आणि दिलेलं मत सांगितलं. पलीकडे लिहून घेणाऱ्याची गडबड होऊ नये म्हणून, वर्गात शुद्धलेखन घालावं तसं, एकेक अक्षर सुटं करून.